ताकद हवी, हवाही हवी

पाठाविषयी : मोटारीच्या इंजिनातील धूर कोणत्या वाटेने बाहेर पडतो, वाटेत तो कसा स्वच्छ होतो आणि वेगाच्या हौसेपायी या वाटेत फेरफार केला तर काय घडते, हे या पाठात सांगितले आहे. यंत्राची माहिती देता देता 'दुसऱ्याला त्रास न देता आपली हौस कशी भागवावी', या प्रश्नाचाही येथे विचार केला आहे.

रस्त्यावरून एखादी गाडी फटाके फोडल्यासारखा आवाज करीत जाते. मुले धावत दाराशी येतात. "काय जोरदार गाडी आहे!" असे कोणी तरी म्हणते. घरातील आजारी माणूस मात्र दचकून जागा होतो. आवाज मोठा म्हणजे गाडी ताकदवान, असे पुष्कळांना वाटते. पण आवाज वेगळा आणि ताकद वेगळी. मराठीत एक म्हण आहे : उथळ पाण्याला खळखळाट फार. ही म्हण गाड्यांनाही लागू पडते. ती कशी, हे समजण्यासाठी आधी धुराची वाट पाहू.

धुराची वाट

पेट्रोलच्या इंजिनात चार क्रिया एकामागून एक घडतात. इंजिन हवा व पेट्रोल आत ओढते. मग ते मिश्रण दाबले जाते. ठिणगी पडते आणि मिश्रण पेटते. त्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो व चाकांना गती मिळते. शेवटी जळलेला वायू बाहेर फेकला जातो. हा बाहेर जाणारा वायू म्हणजेच गाडीचा धूर.

धूर एकदम रस्त्यावर येत नाही. प्रत्येक सिलिंडरमधून निघालेला धूर प्रथम एका फाटे असलेल्या नळीत गोळा होतो. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. तेथून तो एका डब्यात शिरतो. हा डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजमध्ये त्याला नुसते 'कॅट' म्हणतात. आपण त्याला धुराची गाळणी म्हणू. त्यापुढे सायलेन्सर असतो. तो आवाज कमी करतो. मग शेवटच्या नळीतून धूर बाहेर पडतो.

गाळणी आणि सायलेन्सर यांची कामे वेगवेगळी आहेत. सायलेन्सर आपल्या कानांचे रक्षण करतो. गाळणी आपल्या फुप्फुसांचे रक्षण करते.

तीन अपायकारक वायू

पेट्रोल पूर्णपणे जळले, तर त्यातून मुख्यतः पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड निघेल. पण इंजिनात प्रत्येक थेंब नीट जळत नाही. शिवाय आतली उष्णताही प्रचंड असते. म्हणून तीन अपायकारक वायू तयार होतात.

पहिला कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरला की प्राणवायूची जागा बळकावतो. बंद खोलीत इंजिन चालू ठेवल्यामुळे माणसे मरतात, ती बहुधा याच वायूमुळे. दुसरे, न जळलेल्या पेट्रोलचे वायू. त्यांना हायड्रोकार्बन म्हणतात. तिसरे, नायट्रोजनचे ऑक्साइड. हवेतील नायट्रोजन एरवी स्वस्थ असतो, पण इंजिनातील प्रचंड उष्णतेत तो प्राणवायूशी संयोग पावतो.

हे वायू हवेत मिसळल्यावर काय करतात, हे जगाला प्रथम अमेरिकेतील एका शहराने शिकवले.

लॉस एंजेलिसवरचे धुके

लॉस एंजेलिस हे कॅलिफोर्निया राज्यातील मोठे शहर. एका बाजूला समुद्र आणि बाकीच्या बाजूंना डोंगर, अशी त्याची रचना आहे. २६ जुलै १९४३ रोजी या शहरावर दाट, तिखट धुके पसरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका काहींना आली. नंतर कृत्रिम रबराच्या एका कारखान्यावर ठपका आला. कारखाना काही काळ बंदही करण्यात आला. तरी धुके येतच राहिले.

या कोड्याचा उलगडा आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने केला. ते मूळचे नेदरलँड्सचे. कॅलिफोर्नियातील 'कॅलटेक' या संस्थेत ते अननसाच्या सुवासाचा अभ्यास करीत होते. १९५०च्या सुमारास त्यांनी या धुक्याकडे लक्ष वळवले. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की ओझोन व इतर झोंबणारे पदार्थ तयार होतात, असे त्यांनी दाखवून दिले. हे दोन्ही वायू येत होते मुख्यतः तेलशुद्धीकरण कारखान्यांतून आणि शहरातल्या लाखो मोटारींतून. म्हणजे शत्रू बाहेरचा नव्हता. तो घरोघरी, दारात उभा होता!

गाळणी तयार झाली

याच सुमारास युजीन हूड्री या मूळच्या फ्रेंच इंजिनिअरने अमेरिकेत धूर स्वच्छ करणारी गाळणी तयार केली. पण ती गाड्यांना बसवण्यात एक अडचण होती. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. शिशाचा थर बसून गाळणी लवकरच निकामी होई. अमेरिकेत १९७० साली स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. मग शिसेविरहित पेट्रोल आले आणि १९७५ सालच्या बहुतेक अमेरिकन मोटारींना ही गाळणी बसवण्यात आली.

आजच्या गाळणीत चिनी मातीसारख्या पदार्थाचा एक ठोकळा असतो. तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो. एका चौरस इंचात सुमारे ४०० बारीक छिद्रे असू शकतात. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. धूर या छिद्रांतून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. हायड्रोकार्बनपासून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडमधून पुन्हा साधा नायट्रोजन मिळतो. गंमत अशी, की हे धातू स्वतः खर्च होत नाहीत. लग्न जमवणारा मध्यस्थ दोन घरे जोडून देतो आणि स्वतः बाजूला राहतो, तसेच हे. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात.

मात्र गाळणीच्या दोन अटी आहेत. पहिली अट उष्णतेची. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय ती नीट काम करीत नाही. म्हणून नवी गाडीदेखील बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नये. दुसरी अट प्रमाणाची. एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा असेल, तरच तिन्ही वायू एकदम स्वच्छ होतात. हे प्रमाण राखण्यासाठी धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर लागतो. व्होल्वो कंपनीने कॅलिफोर्नियासाठी तयार केलेल्या १९७७ सालच्या गाड्यांत असा सेन्सर बसवला होता. धुरातील प्राणवायू पाहून इंजिनाला कमी-जास्त पेट्रोल देण्याची सोय त्यामुळे झाली.

गाळणी बदनाम का झाली?

अमेरिकेत वेगवान मोटारींचे पुष्कळ शौकीन आहेत. शेव्हरले कंपनीची कॉर्व्हेट ही त्यांची आवडती गाडी. १९७५ साली तिला प्रथमच गाळणी बसली. त्या वर्षी ५.७ लिटरच्या तिच्या साध्या इंजिनाची ताकद फक्त १६५ अश्वशक्ती होती. शौकीन नाराज झाले. "या डब्याने गाडीचा गळा आवळला," असे ते म्हणू लागले. पुष्कळांनी डबा कापून काढला आणि तेथे सरळ नळी जोडली.

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. त्या वेळच्या गाळणीत पोळ्याऐवजी मण्यांसारखे दाणे भरलेले असत. धूर त्यांतून अडखळत जाई. कॉर्व्हेटच्या धुराला पूर्वी दोन स्वतंत्र वाटा होत्या. आता दोन्ही बाजूंचा धूर एकाच डब्यातून काढावा लागला. पण सगळा दोष डब्याचा नव्हता. नव्या पेट्रोलसाठी इंजिनातील दाब आधीच कमी केलेला होता. कार्ब्युरेटरला पेट्रोलचे प्रमाण नेमके राखता येत नव्हते. तरीही बदनाम झाली ती गाळणीच.

आता पुढची गोष्ट ऐका. २०२३ सालच्या कॉर्व्हेट झेड-झिरो-सिक्स या गाडीचे इंजिन ५.५ लिटरचे, म्हणजे जुन्यापेक्षा थोडे लहानच आहे. तिची ताकद मात्र ६७० अश्वशक्ती आहे. लहान इंजिन आणि ताकद चौपट! आणि या गाडीला गाळणी आहे. तिला १९७५पेक्षा कितीतरी कडक नियम पाळावे लागतात. हे कसे साधले? इंजिनिअरांनी गाळणी काढून टाकली नाही. त्यांनी तिची छिद्रे मोकळी केली, पेट्रोल मोजून देणारे संगणक बसवले आणि हवा आत-बाहेर करणाऱ्या झडपा सुधारल्या. कापून टाकणे सोपे होते. त्यांनी समजून घेण्याचा अवघड मार्ग धरला.

कॅट काढली तर काय होते?

आजच्या गाडीची गाळणी काढली, तर ताकद थोडीशी वाढू शकते. पण साध्या गाडीत हा फायदा इतका थोडा असतो, की चालवणाऱ्याला तो जाणवेलच असे नाही. वाढतो तो आवाज, आणि आवाजालाच माणूस ताकद समजतो.

तोटे मात्र स्पष्ट आहेत. तिन्ही वायू जसेच्या तसे बाहेर पडतात. आजच्या गाडीत गाळणीच्या पुढेही सेन्सर असतो आणि मागेही असतो. मागचा सेन्सर गाळणीवर पहारा ठेवतो. गाळणी दिसेनाशी झाली, की चालकासमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मग काही लोक संगणकालाच फसवतात. म्हणजे एक खोटे झाकण्यासाठी दुसरे खोटे!

नळीचेही असेच आहे. नळी जितकी रुंद तितकी गाडी चांगली, असा एक समज आहे. धूर इंजिनातून धक्क्याधक्क्याने बाहेर येतो. एक धक्का पुढे गेला, की त्याच्यामागे पोकळी होते आणि ती पुढच्या धुराला ओढून घेते. नळी फार रुंद केली, तर धुराचा वेग मंदावतो आणि ही ओढ कमी होते. मग हळू चालताना गाडीचा जोर उलट घटतो.

योग्य वाट

मग गाडीत काहीच बदल करू नयेत काय? तसे नाही. कॅलिफोर्नियातले शौकीन आजही गाड्या सजवतात, शर्यती पाहतात, इंजिने सुधारतात. पण तेथे नियम आहेत. गाळणीच्या पुढचा, म्हणजे सायलेन्सर व शेवटची नळी एवढा भाग बदलता येतो. मात्र साध्या मोटारीचा आवाज ९५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. मॅनिफोल्ड किंवा गाळणी बदलायची असेल, तर नवा भाग सरकारी हवा-मंडळाने तपासलेला असावा लागतो. तपासलेल्या भागाला एक क्रमांक मिळतो. तेथे धुराची ठरावीक काळाने तपासणी १९८४ पासून होऊ लागली. या तपासणीत असे क्रमांकही पाहिले जातात. अमेरिकेच्या कायद्यात १९९० साली सुधारणा झाली आणि धूर स्वच्छ करणारी यंत्रणा काढून टाकण्याची बंदी गाडीच्या मालकालाही लागू झाली.

आपल्याकडे

भारतात ही गाळणी १९९५ साली आली. त्या वर्षीच्या एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. तिच्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही मिळू लागले. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून गाळणीमुळे झालेला हा आणखी एक फायदा मोठाच म्हटला पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे कडक नियम लागू झाले.

आता मोटरसायकलींनाही गाळणी असते. ती पुष्कळदा सायलेन्सरच्या पोटात किंवा त्याला जोडलेल्या नळीत बसवलेली असते. त्यामुळे 'फटाका' सायलेन्सर लावण्यासाठी मूळ सायलेन्सर काढला, की कित्येकदा गाळणीही निघून जाते. मालकाला ते ठाऊकही नसते! मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले आहेत.

पण दंडाची भीती हे शेवटचे कारण झाले. पहिले कारण माणूस आहे. गाडीचा मालक पुढे बसतो. त्याचा धूर मागे राहतो. मागे कोण असते? सायकलवरून शाळेत जाणारा मुलगा, रिक्षाचालक, फुटपाथवर भाजी विकणारी बाई, चौकातला हवालदार. आणि सर्वांत जास्त धूर कोण घेतो? गॅरेजमध्ये दिवसभर चालू इंजिनाजवळ वाकून काम करणारा मेकॅनिक.

मुलांनो, तुमच्यापैकी काहींचे अब्बा, चाचा किंवा मोठे भाऊ गॅरेजमध्ये काम करीत असतील. तुमच्यातलेही काही जण उद्या हे काम शिकतील. हा मानाचा धंदा आहे. गिऱ्हाईक म्हणेल, "उस्ताद, कॅट काढून टाका, गाडी पळाली पाहिजे." त्या वेळी पाना बाजूला ठेवून त्याला खरी गोष्ट सांगता आली पाहिजे. एअर फिल्टर साफ आहे का, स्पार्क प्लग ठीक आहेत का, टायरमध्ये हवा पुरेशी आहे का, हे आधी पाहावे. कितीतरी गाड्या एवढ्यानेच पुन्हा चांगल्या पळू लागतात. जो कापतो तो नुसता हात चालवतो. जो दोष शोधतो तोच खरा कारागीर.

गाडीला ताकद हवी, हे खरे. पण तिच्या मागून चालणाऱ्याला हवाही हवी.

शब्दार्थ

धूर – धुआँ
गाळणी – छलनी
फुप्फुस – फेफडा
हौस – शौक
अपायकारक – नुकसान करणारा
दट्ट्या – सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा भाग, पिस्टन
उलगडा होणे – कोडे सुटणे
निकामी – उपयोग नसलेला, बेकार
मौल्यवान – किमती
सक्तीचा – लाजमी
कारागीर – हातात हुनर असलेला माणूस

वाक्प्रचार व म्हण

ठपका येणे – दोष लागणे
गळा आवळणे – श्वास कोंडणे, वाढ रोखणे
कानांवर हात ठेवणे – आपल्याला काहीच माहीत नाही असे दाखवणे
उथळ पाण्याला खळखळाट फार – ज्याच्याजवळ गुण थोडे असतात, तोच फार बडबड करतो.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) धुराच्या गाळणीला गॅरेजमध्ये काय म्हणतात?
(२) हागेन-स्मिट आधी कशाचा अभ्यास करीत होते?
(३) गाळणीतील ठोकळा कशासारखा दिसतो?
(४) भारतातील कोणत्या चार शहरांत गाळणी प्रथम सक्तीची झाली?

प्र. २. कारणे लिहा.
(१) शिसे मिसळलेले पेट्रोल गाळणीला चालत नाही.
(२) बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये.
(३) फार रुंद नळीमुळे हळू चालताना गाडीचा जोर घटतो.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) सायलेन्सर आणि गाळणी यांच्या कामांतील फरक सांगा.
(२) १९७५ची कॉर्व्हेट आणि २०२३ची कॉर्व्हेट यांची तुलना करा. त्यावरून काय शिकायला मिळते?
(३) "जो दोष शोधतो तोच खरा कारागीर." या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. भाषाभ्यास
(अ) उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन : तो धूर, ती नळी, ते इंजिन. पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा : डबा, गाळणी, पेट्रोल, सेन्सर, धुके, ठिणगी.
(आ) उर्दूत 'हवा' म्हणजे वारा किंवा वायू. मराठीत या शब्दाला 'पाहिजे' असाही अर्थ आहे. तेव्हा तो लिंगाप्रमाणे बदलतो : मला आंबा हवा, वही हवी, पुस्तक हवे. पुढील वाक्यांत कोणता अर्थ आहे ते सांगा.
(१) टायरमध्ये हवा भरा. (२) मला नवा पाना हवा. (३) शहराला स्वच्छ हवा हवी.

उपक्रम : तुमच्या भागातील एखाद्या मेकॅनिकची भेट घ्या. गाडीचा धूर वाढण्याची पाच कारणे त्यांना विचारा आणि ती मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा. भेटीच्या वेळी चालू इंजिनाच्या मागे उभे राहू नका.